शाळेपासून किती मिनिटं

अंतर विचारू नका, मी म्हणते,
वेळ विचारा.
जकार्तात किलोमीटर खोटं बोलतात.
शाळेच्या फाटकापासून हे घर चार किलोमीटर,
म्हणजे पहाटे पाचला बारा मिनिटं,
सातला पन्नास,
आणि पाऊस असला तर
नशिबात असतील तेवढी.

नकाशावर मी पेन्सिलीने वर्तुळं काढते.
गोल येत नाहीत कधी,
रताळ्यासारखी येतात,
इकडे फुगलेली, तिकडे चेपलेली,
उड्डाणपूल उतरतो तिथे टोकदार.

हिमेना चिलीहून आलेली. नवरा उतरल्यापासून ऑफिसात.
तिच्या वहीत रकाने: पोहायचा तलाव, जनरेटर, माळी, भाडं.
मुलगा ब्रूनो, नऊ वर्षांचा,
गाडीच्या काचेला नाक लावून मोटारसायकली मोजतो,
एकोणसाठवर चुकतो,
पुन्हा एकपासून.

तीन दिवसांत अकरा घरं.
चिलांदाकचं शाळेला खेटून, पण शेजारी
रात्रभर करवत.
पोंदोक इंदाहच्या घरात एवढा संगमरवर
की बोललेलं परत येतं.
एका घराच्या दारातच हिमेना म्हणाली, नको.
का ते मी विचारलं नाही.

मग केमांगचं.
आंब्याचं झाड, लांब व्हरांडा, शाळा सात मिनिटं,
सातलाही सातच.
ती गप्प झाली.
घर आवडलं की माणसं आधी गप्प होतात,
मग पडद्यांची मापं विचारतात.
घरमालक पाक हर्तोनो हसत होते.
माझी दलाली मनातल्या मनात
सेकारच्या दातांच्या डॉक्टरपर्यंत पोचलीसुद्धा.

ब्रूनो गॅरेजमध्ये. भिंतीवरून बोट फिरवत चाललेला.
रंग नवा, पण रंगाखाली एक रेघ,
त्याच्या कमरेइतकी,
तिन्ही भिंतींवर एकाच उंचीला.
"हे काय?"
"जुना रंग," पाक हर्तोनो म्हणाले.
मुलाने माझ्याकडे पाहिलं.

खरं तर मी आंब्याबद्दल बोलायला हवं होतं.
बारा वर्षं मी आंब्यांबद्दलच बोलत आले आहे.
"पाणी," मी म्हणाले. "जानेवारीत येतं.
एकदा इथवर आलं होतं."

पाक हर्तोनोंनी हात पुढे केला.
चावी दिली.
फाटकापर्यंत कुणीच काही बोललं नाही,
ब्रूनोही मोजत नव्हता.

शेवटी त्यांनी सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला.
खाली लॉन्ड्री, समोर पेट्रोल पंप,
शाळा एकवीस मिनिटं,
दलाली निम्मी.
सही करता करता हिमेनाने विचारलं,
"बु वुरी, तुम्ही कुठे राहता?
मुलीची शाळा लांब आहे का?"
चितायमला, मी म्हणाले. शाळा आमच्या भिंतीला लागूनच.
अंथरुणात घंटा ऐकू येते.
"किती छान," ती म्हणाली, अगदी मनापासून.

पावणेपाचला मी स्कूटर
गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेते,
तिथे सुरू करते, सेकार जागी होऊ नये म्हणून,
हे काही सांगितलं नाही.
घंटेचं मला सेकारनेच सांगितलेलं.

रात्री पोचले तर वही टेबलावर उघडी.
गृहपाठ: घर ते शाळा, नकाशा काढा.
घर. मशिदीचा भोंगा. बाक्सोवाल्याची गाडी.
शाळेपेक्षा मोठं मांजर.
शाळा.
आणि पार कडेला, पान संपतं तिथे,
अर्धं चाक.
उरलेलं अर्धं टेबलावर गेलेलं,
निळ्या खडूची गोल रेघ, थेट लाकडावर.

ओलं फडकं घेऊन आले.
मग तसंच
नळावर वाळत टाकलं.